पाच पाकळ्या

बाबांनी लॅपटॉप जुळवला त्या हिवाळ्यात
स्वयंपाकघरातलं टेबल तीन आठवडे आमचं नव्हतं.
आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो.
आई म्हणाली, वराझदात, निदान मिठाची बरणी तरी राहू दे तिथं.
बाबा म्हणाले, मीठ नको. ओल धरतं.

शनिवारी व्हेर्निसाजच्या बाजारात,
जिथं लोक मांडून बसतात कुणाकुणाची पदकं,
झुंबरांचे लोलक, मेलेल्या दंतवैद्याची हत्यारं,
तिथून ओनिकनं दिला मदरबोर्ड,
वर्तमानपत्रात गुंडाळून, मासा द्यावा तसा.
पडदा एका बँकेच्या भंगारातला.
कोरं पान उघडलं की त्यावर अजून पुसट दिसायची
व्याजदरांची एक ओळ.
बिजागऱ्या दोन वेगळ्या घराण्यांतल्या:
झाकण उचललं की एक कुरकुरायची, दुसरी ऐकून घ्यायची.

कीबोर्ड रशियन.
आईनं नेलपॉलिशच्या ब्रशनं त्यावर आमची अक्षरं काढली.
अक्षरं जास्त निघाली, बटणं कमी,
मग उरलेली बसवली आकड्यांच्या डोक्यावर.
आजही मला आर्मेनियन लिहिताना
काही शब्दांत लाल रंगाचा वास येतो.

अठरा धान्यांचं कडबोळं.
चालू केलं की आधी पंखा घसा खाकरायचा,
मग म्हाताऱ्या वक्त्यासारखा थांबायचाच नाही.
विद्यापीठाच्या वाचनालयात माना वळायच्या.
मी बाहेर, जिन्यात बसून टाइप करायचे,
बोटमोज्यांची टोकं कापून.
बाबांना सांगितलं होतं, वाचनालयात जागा मिळत नाही.

मे महिन्यात ग्लेंडेलहून झावेनकाकांचा खोका आला.
त्याचं झाकण सुद्धा घाई न करता निघत होतं,
जणू आतल्याला कुणी झोपेतून उठवू नये.
आत राखाडी, थंड, एकसंध काहीतरी.
नदीतल्या गोट्याला कुठून सुरुवात झाली
ते सांगता येत नाही, तसं.
माझा हात त्यावरून फिरला
आणि बाबांनी तो फिरताना पाहिला.

त्यांनी तो उपडा केला.
कारखान्यात गणकयंत्रं बनवायचे तेव्हाचं भिंग काढलं,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, पाच पाकळ्या.
स्क्रूच्या डोक्यावर, बघ. चार नाही, सहा नाही.
याचा पेचकस माझ्याकडे नाही.
ओनिककडे नसेल, कुणाकडेच नसेल, म्हणूनच पाच.

मी नवा घेऊन जाऊ लागले. वाचनालयात, खिडकीशी.
कुणी मान वळवली नाही.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

जुना फ्रिजवर गेला. आई त्यावर गॅसची बिलं मांडते,
व्याजदरांच्या ओळीखाली.
एकदा बिलं शोधताना बाबांची वही सापडली:
मदरबोर्ड, पडदा, दोनदा जळालेली बॅटरी,
ओनिकला पाजलेली कॉफीसुद्धा.
बेरीज नव्या लॅपटॉपच्या वर गेली होती.
खाली दुहेरी रेघ मारलेली,
आणि रेघेखाली, पेन्सिलीनं: तरीही.

त्या उन्हाळ्यात बाल्कनीतून कानसीचा आवाज यायचा,
जेवणानंतर, रोज थोडा थोडा.
आई म्हणायची, चाकूला धार लावतोय, लावू दे.
सायकलच्या आऱ्याचा तुकडा होता तो.
पुढचं टोक भिंगाखाली घासून घासून
त्यांनी पाच पाकळ्यांचं केलं.

एका रात्री मी झोपले आहे असं समजून
ते माझ्या टेबलाशी आले.
लॅपटॉप उपडा केला. टोक बसवलं.
पाव फेरा उघडा,
टक्.
पाव फेरा बंद.

मग तो पेचकस आईच्या सुयांच्या डब्यात ठेवून
दिवा न लावताच झोपायला गेले.
त्यानंतर त्याला हात लावलेला नाही.
गेल्या आठवड्यात बटण शिवायला डबा उघडला,
तर आऱ्याला बारीक गंज चढलेला.
मी तो तेलाच्या फडक्यानं पुसून
होता तसाच ठेवला.